कल्याणच्या शाळेंतील एक माजी विद्यार्थी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत एखाद्या संताचें अथवा जुन्या काळच्या मिशनरी धर्मगुरूचें चरित्र यावें, असा आपल्याकडील रिवाज आहे, आणि तो योग्यच आहे. ह्या खेपेस मात्र ज्या पुरुषाची ओळख वाचकांस करून द्यावयाची आहे, तो संतमालिकेंतील नव्हे. इतकेंच नव्हे, तर तो आपल्या कॅथलिक मंडळींतीलहि नव्हे. असें असतां त्याची निवड कां केली, असें कोणी विचारील तर उत्तर सोपें आहे. त्याचीं भजनें आपल्यांपैकीं पुष्कळांच्या ओठांवर आहेत; तीं कोणाचीं हें कित्येकांस ठाऊकहि नसेल. शिवाय त्याचें लहानपणचें शिक्षण ज्या गांवीं झालें तें कल्याण शहाडाहून आगगाडीच्या अवघ्या एका स्टेशनाच्या अंतरावर आहे. रोज सकाळीं डबा घेऊन त्या स्टेशनावर गाडी बदलणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनीं, ह्या गांवांतील शाळेंत एके काळीं कोण शिकून गेला, हें जाणून घ्यावें, एवढाच ह्या लेखाचा उद्देश.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक निराळे आणि हे टिळक निराळे. दोघेहि रत्नागिरी जिल्ह्यांतले, दोघेहि चित्पावन ब्राह्मण, आणि दोघांच्या वयांत अवघें पांच वर्षांचें अंतर. त्यामुळें मराठी ख्रिस्ती समाजांत आमच्या चरित्रनायकास रेव्हरंड टिळक म्हणण्याची वहिवाट पडली. गंमत अशी कीं, हें रेव्हरंड बिरुद स्वतः त्यांस फारसें रुचत नसे.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं करजगांव येथें झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत असून कामानिमित्त त्यांस सारखें गांवोगांव फिरावें लागे. त्यामुळें १८६९ पासून १८७३ पर्यंत मुलाचें प्राथमिक शिक्षण कल्याणास झालें. त्या वेळचें कल्याण म्हणजे नुकतेंच जंक्शन झालेलें गांव. मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ सालीं धांवली, ती पुढच्याच वर्षीं कल्याणास आली. आणि बोर घाट व थळ घाट फोडून होतांच एक फांटा पुण्याकडे व दुसरा आपल्या शहाडावरून नाशिकाकडे, असे दोन मार्ग तेथून फुटले. जुना बंदरी व्यापार आणि नवी आगगाडी ह्यांच्या संगमावर हा आठ वर्षांचा मुलगा पाटी घेऊन बसला. त्या काळच्या मराठी शाळेंत मोडी आणि बाळबोध अक्षर, पाढे, हिशेब आणि कविता पाठ म्हणणें हाच मुख्य अभ्यास असे. आजच्या शिक्षणशास्त्र्यांस पाठांतराचा तिटकारा आहे. असो. पण ज्याच्या कानांत ओवी आणि आर्या लहानपणीं मुरल्या, त्याच्या लेखणीला पुढें वृत्त शोधावें लागलें नाहीं, एवढें ह्या चरित्रावरून दिसतें.

कानावरचा दुसरा संस्कार आईचा. जानकीबाई अतिशय भाविक होत्या, आणि नारायणाचा सारा जीव त्यांच्यापाशीं होता. वडिलांचा स्वभाव मात्र कडक. घरांत त्यांच्या धाकापुढें कोणाचें कांहीं चालत नसे. नारायण अकरा-बारा वर्षांचा असतां आई वारली आणि त्याच्या दृष्टीनें घरच संपलें. त्यानें घर सोडलें व तो नाशिकास गेला. कल्याणची शाळाहि तेथेंच संपली. पुढें आयुष्यभर आपणांस त्यांची जी वृत्ति दिसते, म्हणजे मन उठलें कीं मुक्काम हलवावयाचा, तिचा आरंभ ह्या पहिल्या प्रयाणांत आहे, असें आम्हांस वाटतें. आईविना झालेलें मूल ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ह्याहून अधिक सांगावयास नको.

नाशिकास त्यांस गुरु चांगले लाभले. गणेशशास्त्री लेले ह्या व्युत्पन्न पंडिताजवळ त्यांनीं संस्कृताचें, मुख्यत्वें काव्याचें, अध्ययन केलें. चार वर्षें अशीं गेल्यावर, १८७७ ते १८७९ ह्या दोन वर्षांत, ते इंग्रजी शाळेंत जाऊन इंग्रजी व इतर विषय शिकले. परंतु मॅट्रिकची पायरी त्यांनीं ओलांडली नाहीं. अठराव्या वर्षीं, शिक्षण अर्धेंच टाकून, ते पोटाच्या मागें लागले. म्हणजे शाळेचें शेवटचें सर्टिफिकेट म्हणून जें म्हणतात तें ह्या मोठ्या कवीजवळ कधींच नव्हतें. मुलाचे मार्क कमी पडले म्हणून तोंड लपवून बसणाऱ्या आईबापांनीं हें ध्यानांत घ्यावें. आणि शाळा सोडण्यास निमित्त शोधणाऱ्या मुलांनीं मात्र ह्याचा आधार घेऊं नये, कारण शाळा सुटली तरी टिळकांचा अभ्यास कधीं सुटला नाहीं.

१८८० च्या सुमारास त्यांचें लग्न झालें. वधू नाशिकजवळच्या जलालपूर गांवच्या गोखल्यांची मनकर्णिका. वय अकरा-बारा वर्षांचें. सासरचें नांव लक्ष्मी. तिच्या माहेरीं सोंवळ्याओंवळ्याचा इतका कडेलोट होता कीं तिचे वडील बाहेरून आलेली प्रत्येक वस्तु धुवून घेतल्यावांचून घरांत येऊं देत नसत. ह्या मुलीस शाळा ठाऊक नव्हती. तिनें उतारवयांत आपल्या आठवणी सांगितल्या, आणि त्या स्मृतिचित्रें ह्या नांवानें १९३४ पासून १९३७ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झाल्या. टिळकांचें आयुष्य आज आपणांस जितकें जवळून दिसतें, तितकें दिसण्याचें मुख्य कारण हें पुस्तक होय. सासरच्या दिवसांत मुरबाडच्या मुक्कामाच्याहि आठवणी त्यांत येतात. शहाडावरून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यानें आपण कितीदां तरी गेलों असूं. त्या रस्त्याच्या टोंकाला एका पोरवयाच्या सुनेनें काय काय सोसलें, हें ज्यास जाणावयाचें असेल त्यानें तें पुस्तक वाचावें.

लग्नानंतरच्या दहा-बारा वर्षांत टिळकांनीं किती गांवें आणि किती कामें पालटलीं, ह्याची यादी करूं गेल्यास वाचक दमून जाईल. कोठें शाळामास्तर, कोठें पुराणिक व कीर्तनकार, कोठें भिक्षुकी, कोठें छापखान्यांत खिळे जुळवणारा कंपॉझिटर. एका गांवीं बिऱ्हाड थाटावें, चार मित्र जोडावे, हातांतले पैसे त्यांच्यावर किंवा एखाद्या अडलेल्यावर खर्चून टाकावे, आणि एके दिवशीं कोणास न सांगतां चालते व्हावें. पत्नीस आपला नवरा कोणत्या गांवीं आहे हें पुष्कळदां दुसऱ्याकडून कळे. त्यांच्या उदारपणाचें कौतुक करणारे लेखक ही दुसरी बाजू फार हलक्या हातानें लिहितात. आम्हांस तसें करवत नाहीं. नवऱ्याचें फिरतें मन आणि बायकोचा रिकामा डबा हीं दोन्ही एकाच घरांत असतात, आणि धर्मगुरूस दोघांचेंहि ऐकून घ्यावें लागतें.

१८९१ सालीं ते नागपुरास गेले. तेथें संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचें काम मिळालें, आणि अप्पासाहेब बुटी ह्या धनिक गृहस्थांच्या आश्रयानें ऋषि नांवाचें एक मासिकहि त्यांनीं चालविलें. हिंदुधर्मांतील विषयांची चर्चा करणें हा त्या मासिकाचा हेतु. तें फार दिवस जगलें नाहीं. तथापि ह्या काळांत टिळकांच्या मनांत काय घोळत होतें, हें त्यावरून समजतें. जातिभेदानें पोखरलेला आपला देश एक कसा व्हावा, आणि त्यास बळ देईल असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देत नव्हता. स्वतःच एखादा नवा धर्म स्थापावा कीं काय, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते.

अशा मनःस्थितींत, १८९३ सालीं, नोकरीच्या शोधार्थ ते नागपूरहून राजनांदगांवास निघाले. आगगाडीच्या डब्यांत एक गोरा गृहस्थ बसला होता. हा साहेब आपणांस हुसकून देईल अशीच त्या काळच्या प्रवाशाची अपेक्षा असावयाची. परंतु त्यानें आदरानें जागा करून दिली आणि बोलणें सुरू केलें. ते अर्नेस्ट वॉर्ड नांवाचे अमेरिकन मिशनरी होते. गोष्टी प्रथम काव्याच्या निघाल्या, मग धर्माच्या. उतरण्यापूर्वीं वॉर्ड यांनीं नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातीं दिली, ती वाचण्याचें वचन घेतलें, आणि दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल असें भाकितहि करून टाकलें. टिळकांस तें हास्यास्पद वाटलें असावें. पण दिलेला शब्द पाळावयाचा म्हणून त्यांनीं पुस्तक उघडलें. पहिल्या कांहीं अध्यायांत त्यांचें मन रमलें नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनाशीं आल्यावर मात्र तें पुस्तक त्यांच्यानें खालीं ठेववेना. आपल्या सर्व प्रश्नांचीं उत्तरें येथें आहेत असें त्यांस वाटलें. डब्यांतल्या त्या साध्या सौजन्यानें जें काम केलें, तें वादविवादाच्या कितीहि पुस्तकांनीं झालें नसतें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तरी निर्णयास वेळ लागला. आपलें नांव उघड न करतां त्यांनीं मिशनरींशीं पत्रव्यवहार चालविला, शंका विचारल्या, पुस्तकें मागविलीं. राजनांदगांवचा मुक्कामहि टिकला नाहीं. ख्रिस्ती होणें म्हणजे जात, गोत, मित्र, पत्नी आणि मुलगा ह्या सर्वांस मुकणें, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. शेवटीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मिशनच्या देवळांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. हा संस्कार परदेशी पाद्र्याच्या हातून न घेतां त्यांनीं आपल्याच देशाच्या पाळकाच्या हातून घेतला. ह्या लहानशा गोष्टींत त्यांचा पुढचा सारा स्वभाव दिसून येतो. ख्रिस्ती झालों म्हणून मी मराठी किंवा हिंदी राहिलों नाहीं, असें त्यांस एक क्षणभरहि वाटलें नाहीं, आणि दुसऱ्यानें तसें म्हटल्यास ते खवळून उठत.

आतां ह्या चरित्रांतील सर्वांत अवघड प्रकरण. बाप्तिस्म्याची बातमी लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर वीज पडावी तशी पडली. त्या वेळच्या समजुतीप्रमाणें नवरा जिवंत असून त्या विधवेसारख्या झाल्या. लहानगा दत्तू पदरीं, आणि भोंवतीं नातेवाईकांचा आक्रोश. कांहीं काळ त्यांचें चित्त ठिकाणावर नव्हतें. पुढें चार-पांच वर्षें त्या नवऱ्यापासून दूर, नाशिकास व पंढरपुरास, नातलगांच्या आधारानें राहिल्या. टिळक पत्रें पाठवीत, भेटीस येत, मुलाची चौकशी करीत. परंतु माझ्या धर्मांत ये असा जुलूम त्यांनीं केला नाहीं. धर्म हा ज्याचा त्यानें पारखून घ्यावयाचा, हें तत्त्व त्यांनीं येथें पाळलें. त्यास श्रेय दिलेंच पाहिजे. पण हेंहि विसरतां येत नाहीं कीं, निर्णय एकानें घेतला आणि त्याचा भार दुसरीनें वाहिला. ख्रिस्तासाठीं टिळकांनीं सर्व सोडलें, असें आपण व्यासपीठावरून म्हणतों. लक्ष्मीबाईंचें सर्व गेलें तें मात्र कोणी त्यांस विचारून गेलें नव्हतें.

शेवटीं त्या मुलास घेऊन अहमदनगरास नवऱ्याजवळ राहावयास आल्या. आल्या त्या आपलें सोंवळें घेऊनच. त्यांचें पाणी निराळें, चूल निराळी. टिळकांनीं तें सर्व चालूं दिलें. पुढें कोणाच्या उपदेशावांचून, स्वतःच्याच विचारानें, त्यांच्या मनांतला तिढा सुटला. देवानें माणसें निर्माण केलीं, जाती माणसांनीं केल्या, असें एके दिवशीं त्यांस लख्ख दिसलें, आणि त्या कोणाच्याहि हातचें खाऊं-पिऊं लागल्या. जलालपूरच्या गोखल्यांच्या घरांत वाढलेल्या स्त्रीनें हें करावें, ही गोष्ट टिळकांच्या धर्मांतरापेक्षां लहान नाहीं. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोच काळ मोठ्या दुष्काळाचा व प्लेगाचा. ह्या पतिपत्नींनीं पोरकीं मुलें घरीं आणलीं, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, आणि पूर्वीं ज्या घरांत नवऱ्याच्या उधळेपणावरून तक्रार असे, त्याच घरांतली गृहिणी आतां परक्या मुलांसाठीं पीठ मळूं लागली.

अहमदनगरास टिळकांचें आयुष्य प्रथमच एका जागीं स्थिरावलें, आणि येथें एक आश्चर्य दिसतें. आजवर जीं जीं कामें धरलीं आणि सोडलीं, तीं सर्व एकेक करून परत उपयोगास आलीं. अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणशाळेंत ते शिकवूं लागले, तेव्हां गांवोगांवची मास्तरकी कामास आली. १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचे संपादक झाले व मृत्यूपर्यंत राहिले. खिळे जुळवलेल्या हातांस प्रूफ तपासणें काय जड? ज्ञानोदय हें १८४२ सालीं सुरू झालेलें जुनें पत्र. टिळकांनीं त्यांत काव्याचा व देशाभिमानाचा सूर आणला. संस्कृत काव्याच्या अध्ययनानें शब्दकळा दिली. पण सर्वांत मोठा उपयोग झाला तो कीर्तनकारीचा.

ह्या मुद्द्यावर थोडें थांबलें पाहिजे, कारण येथें आपला प्रत्यक्ष संबंध आहे. त्या काळीं मराठी ख्रिस्ती उपासनेंत इंग्रजी गीतांचीं भाषांतरें परदेशी चालींवर म्हणत असत. मराठी भाषेचा आघात एकीकडे आणि चालीचा दुसरीकडे, असा प्रकार होई. खेड्यांतील माणूस तें ऐके, पण त्याच्या काळजास तें भिडत नसे. नगरच्या मिशनांत ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात टिळकांच्या पूर्वींपासून होता, हें खरें. परंतु ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाणींत मुरलेला कवि त्या कार्यास मिळाला तो टिळकांच्या रूपानें. अभंग, ओवी, पद, साकी, दिंडी ह्या घरच्या छंदांत त्यांनीं प्रभु येशूचें स्तवन रचलें. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलों, अशा अर्थाचें ते सांगत. ज्यांस आपण आई म्हणतों ती हांक त्यांनीं ख्रिस्तास मारली. वारकऱ्यांची विठाई ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्यांत नवल वाटणार नाहीं, आणि ज्यांस ठाऊक नाहीं त्यांस प्रथम थोडा धक्का बसतो. त्यांच्या अभंगांचा संग्रह अभंगांजलि ह्या नांवानें प्रसिद्ध आहे, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपासना-संगीतांत त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे.

आपल्याकडे मिस्सा त्या वेळीं लॅटिन भाषेंत होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढें, मराठींतून उपासना होऊं लागली आणि मराठी गीतांची गरज निर्माण झाली. त्याच परिषदेनें १९६४ सालीं ख्रिस्ती ऐक्यासंबंधीं जो आदेश काढला, त्यानें इतर पंथांच्या बंधूंकडे पाहण्याची आपली दृष्टीहि मोकळी केली. त्यामुळें टिळकांचीं भजनें कॅथलिक घरांतहि आलीं. तीं म्हणतांना कवि कोणत्या पंथाचा हें आतां कोणी विचारीत नाहीं, आणि विचारूंहि नये.

धर्माबाहेरच्या मराठी वाचकांस टिळक आठवतात ते निराळ्या कारणानें. केशवसुतांच्या पिढींत मराठी कविता जी नव्यानें बोलूं लागली, तींत टिळकांचें स्थान मोठें आहे. वनवासी फूल, सुशीला, बापाचे अश्रु ह्या त्यांच्या कविता एके काळीं घरोघरीं वाचल्या जात. फुलांवर आणि मुलांवर त्यांनीं इतक्या मायेनें लिहिलें कीं त्यांस फुलामुलांचे कवि असेंच नांव पडलें. त्र्यंबक बापूजी ठोंबरे ह्या तरुणास १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत बालकवि ही पदवी मिळाली. तो पुढें टिळकांच्या घरीं मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाईंनीं त्यास जेवूं घातलें, रागें भरल्या, आणि मायाहि केली. तो हिंदु आणि हे ख्रिस्ती. पण त्या घरांत ह्याचा कधीं अडथळा झाला नाहीं. मे १९१८ मध्यें रेल्वेच्या अपघातांत बालकवि वारले, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं. टिळकांच्या उतारवयांतला तो मोठा घाव.

१९०९ च्या सुमारास टिळकांनीं आपल्या आयुष्याचें मोठें काम हातीं घेतलें : ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र, ख्रिस्तायन. मराठींत असें काव्य हें पहिलेंच नव्हे. आपले फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत राचोल येथें छापून निघालें होतें, आणि त्यानें कित्येक पिढ्यांच्या भाविकांचें पोषण केलें. इंग्लंडांत जन्मलेल्या जेझुइटानें मराठी शिकून ख्रिस्तकथा गावी, आणि तीनशें वर्षांनीं कोंकणांत जन्मलेल्या ब्राह्मणानें ख्रिस्ती होऊन तीच कथा पुन्हां ओवींत मांडावी, हा योग मराठी भाषेच्याच वांट्यास आला. परंतु टिळकांचें काव्य फार सावकाश पुढें सरकलें. संपादकी, शिकवणी, प्रवास, माणसांची वर्दळ, ह्यांतून दहा-अकरा अध्यायांपलीकडे त्यांस जातां आलें नाहीं.

त्यास आणखीहि एक कारण झालें. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर, जेव्हां इतर लोक पेन्शनीचा हिशेब करूं लागतात, तेव्हां टिळकांचें मन पुन्हां मुक्काम हलवूं लागलें. मिशनच्या आश्रयानें आणि पगारानें जगणारा ख्रिस्ती समाज आपल्याच देशांत परका झाला आहे, परदेशी मिशनरी मायबाप आणि आपण लेंकरें हें नातें दोघांसहि हानिकारक आहे, असें त्यांचें मत झालें होतें, आणि तें ते ज्ञानोदयांतून निर्भयपणें मांडीत. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास राहावयास गेले, आणि देवाचा दरबार ह्या नांवाची भक्तांची संघटना काढली. ख्रिस्तास गुरु मानणाऱ्या कोणासहि, त्यानें बाप्तिस्मा घेतला असो वा नसो, तींत प्रवेश होता.

ह्या ठिकाणीं आम्हांस त्यांच्यापासून दूर उभें राहावें लागतें, हें प्रांजळपणें लिहिलें पाहिजे. बाप्तिस्मा ही ऐच्छिक खूण नव्हे. तो संस्कार आहे आणि ख्रिस्तसभेचें तें द्वार आहे. द्वाराबाहेर दरबार भरवतां येईल, पण त्यास ख्रिस्तसभा म्हणतां येणार नाहीं. तथापि टिळकांची तळमळ खोटी नव्हती. ख्रिस्तावर प्रेम करणारे कित्येक हिंदु बंधु केवळ जातिबहिष्काराच्या भीतीनें दूर थांबतात, हें त्यांनीं स्वतःच्या घरीं पाहिलें होतें. ज्या माणसानें आपल्या पत्नीची पांच वर्षें वाट पाहिली, त्यास उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची किंमत आमच्यापेक्षां अधिक कळली असेल. दरबार त्यांच्यामागें फार काळ टिकला नाहीं. जे. सी. विन्स्लो ह्या इंग्रज धर्मोपदेशकावर मात्र त्यांच्या विचारांचा खोल परिणाम झाला. त्यांनीं टिळकांचें इंग्रजी चरित्र लिहिलें आणि पुण्यास ख्रिस्त सेवा संघ नांवाचा आश्रम उभारला.

प्रकृति आधींच ढासळली होती. उपचारार्थ त्यांस मुंबईस आणलें, आणि जे. जे. इस्पितळांत ९ मे १९१९ रोजीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला. आपल्या देहास देशाच्या रीतीप्रमाणें अग्नि द्यावा अशी त्यांची इच्छा होती. आपल्या ख्रिस्तसभेनें दहनाची मोकळीक १९६३ सालीं दिली. टिळकांनीं ती त्यापूर्वीं चव्वेचाळीस वर्षें मागितली. अस्थि अहमदनगरास नेण्यांत आल्या.

ख्रिस्तायन अपुरेंच राहिलें होतें. तें पुरें कोणी करावें? पंडितांत नांवें पुष्कळ होतीं. तें काम घेतलें ज्यांनीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें, त्या लक्ष्मीबाईंनीं. नवऱ्यानें पूर्वीं घरीं बसवून थोडें वाचावयास-लिहावयास शिकविलें होतें, आणि त्याच्या कविता ऐकतां ऐकतां ओवी त्यांच्या अंगवळणीं पडली होती. त्यांनीं एकामागून एक चौसष्ट अध्याय रचले. नवरा कधीं न सांगतां निघून जाई आणि मागें राहिलेलें घर आवरण्याचें काम नेहमीं त्यांच्याकडे येई. ह्या वेळींहि तसेंच झालें. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या निवर्तल्या. जो दत्तू आईच्या पदराला धरून पंढरपुराच्या रस्त्यांतून हिंडला होता, त्या देवदत्त टिळकांनीं उरलेलें काम हातावेगळें केलें, आणि १९३८ सालीं ख्रिस्तायन छापून बाहेर पडलें.